आईच्या वासाचं फडकं

कुत्र्याचं पिल्लू नव्या घरी आलं की पहिल्या काही रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. ते आईसाठी रडतं आणि शेजारपाजारचेही कूस बदलत राहतात. हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. मूल नावाच्या तालुक्यातल्या, तलावाकाठच्या एका गावात यावर जुना उपाय होता. कुत्री ज्या फडक्यावर पिल्लांना घेऊन निजायची, ते फडकं पिल्लासोबत द्यायचं. आईचा वास नाकाशी असला की पिल्लू शांत झोपतं.

त्या हिवाळ्यात देवानंदच्या कुत्रीची दोन पिल्लं शेजारी शेजारी गेली. एक मासेमारी करणाऱ्या खुशालकडे आणि दुसरं अंजनाबाईंकडे. अंजनाबाई गावाच्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. परसापलीकडे जंगलच. आधीचा कुत्रा बिबट्यानं नेला होता आणि तेव्हापासून पहाटे दार उघडायला त्यांचा हात धजत नसे. पिल्लू काळंभोर होतं. अंजनाबाईंचा मुलगा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीवर, वर्षातून एकदा येणारा. त्यांनी पिल्लाचं नाव कोळसा ठेवलं. "पोरगा नाई येत तं त्याच्या खाणीतला कोळसा तरी घरी राहू दे," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या.

फडकं एकच होतं आणि ते खुशालच्या पिल्लासोबत गेलं. त्यामुळे कोळसा रोज रडायचा.

काही दिवसांनी खुशालच्या पिल्लानं खाणं सोडलं. ओकाऱ्या झाल्या, मग रक्ताची हगवण. वास असा, की खुशालची बायको प्रेमिला पदर नाकाशी धरूनच त्याला पाणी पाजत होती. कोणी म्हणालं विष घातलं, कोणी म्हणालं नजर लागली. पिल्लू गेलं. खुशालनं ते परसात पुरलं. प्रेमिलानं फडकं तलावावर नेलं, साबण लावून दगडावर आपटलं आणि उन्हात वाळवलं. ते पांढरंस्वच्छ निघालं.

तेच फडकं खुशालनं अंजनाबाईंना नेऊन दिलं. "बाई, आमचं तं गेलं. तुमचं तरी झोपन."

त्या रात्री कोळसा झोपला. सकाळी अंजनाबाईंनी खुशालच्या घरी वाटीभर गुळाचा चहा पाठवला.

आठवडा सरत आला तसा कोळसाही ओकू लागला. खुशालनं त्याला मासोळीच्या टोपलीत घातलं आणि मोटारसायकलवर मूलला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर साधनाबाईंनी पिल्लाची हिरडी दाबून पाहिली. ती पांढरीफटक होती. त्यांनी सलाइन लावलं. पण उशीर झाला होता. दुपार कलायच्या आत कोळशाचा श्वास थांबला.

डॉक्टरबाईंनी मग एकेक गोष्ट विचारली. दुसरं कोणतं पिल्लू आजारी होतं का? त्याचं भांडं, अंथरूण याच्याकडे आलं का? खुशालनं फडक्याचं सांगितलं.

"पार्वो म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "हगवणीतून, ओकारीतून पसरतो. माणसाला होत नाही, पण माणसाच्या चपलेवर, हातावर, कपड्यावर बसून दुसऱ्या घरी जातो."

"पण फडकं तं धुतलो होतो जी. साबण लावून."

"साबणानं घाण जाते. हा विषाणू साबणानं मरत नाही, उन्हाचाही भरवसा नाही. मातीत महिनोन्महिने टिकतो."

"मागच्या साली गावात सगळ्या कुत्र्याईले सुई देल्ली होती ना?"

"ती पिसाळू नये म्हणून. याची लस वेगळी. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत. तोवर दुसऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही."

खुशालनं टोपली जवळ ओढली. "म्हणजे मीच नेऊन देलो," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी खोटं समाधान केलं नाही. "तुम्ही जाणून दिलं नाही. पण आता तुम्हाला माहीत आहे. ते फडकं अजून कुठं आहे?"

फडकं अंजनाबाईंकडेच होतं. कोळशाला दवाखान्यामागेच पुरून खुशाल गावात परतला तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. रिकामी टोपली पाहून त्यांना कळलं. तरी आधी त्यांनी त्याचेच उपकार मानले, की एवढा धावलास, माझ्या सख्ख्या पोरानं केलं नसतं. देवानंदकडे एक पिल्लू उरलं होतं. उद्याच ते आणते, म्हणाल्या. फडकं त्यांनी त्याच्यासाठीच घडी करून ठेवलं होतं.

गप्प राहिलं असतं तर खुशालचं नाव चांगलंच राहिलं असतं. पण तिसरं पिल्लू त्याच फडक्यावर झोपलं असतं! खुशालनं सगळं सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही.

अंजनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या रात्री तो झोपला ना, तं मले वाटलं, या गावात माही कोणाले तरी काळजी आहे."

"काळजीच होती बाई."

"थेच तं. मंग राग कोणावर काढू गा?"

त्या आत गेल्या आणि फडकं घेऊन आल्या. त्याला कोळशाचे दोन-चार काळे केस चिकटले होते. त्यांनी ते नाकाशी नेलं, क्षणभरच, आणि अंगणातल्या शेकोटीत टाकलं. मग दोघांनी साबणानं हात धुतले. दुसऱ्या दिवशी, हा विषाणू त्यानंच मरतो असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं म्हणून, ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर आणून प्रेमिलानं दोन्ही घरचे ओटे, भांडी आणि चपला धुऊन काढल्या. मातीचं अंगण मात्र तसं धुता येत नाही. म्हणून उरलेलं पिल्लू लशी पूर्ण होईपर्यंत देवानंदकडेच ठेवायचं ठरलं.

ते महिने अंजनाबाईंना जड गेले. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जाताना खुशाल आणि प्रेमिला त्यांच्या पुढे-मागे चालायचे. अंगणातली माती एका जागी कोळशानं पंजांनी उकरलेली होती. तिथं त्या झाडू मारत नसत.

शेवटची सुई झाली आणि पिल्लू आलं. फडक्याविना आलं. रात्रभर रडलं. सकाळी देवानंदनं विचारलं, झोप झाली का?

"नाई झाली," अंजनाबाई म्हणाल्या. "रडू दे. रडून राह्यलं म्हणजे जिवंत आहे."

वाचकहो, आपण माया करतो, पण माहिती घेत नाही, आणि त्याची किंमत मुकी जनावरं देतात. आपल्या घरी पिल्लू असेल तर त्याची लस आजच विचारा. आणि मेलेल्या पिल्लाची वस्तू, कितीही स्वच्छ दिसली तरी, दुसऱ्याच्या पिल्लाला देऊ नका.