बाईचा हात मिटला तेव्हा

मी कात्री बोलतेय. शिंपीकामाची कात्री, काळ्या मुठीची, हाताला चांगली जड. कागद, रिबिनी आणि दुधाच्या पिशव्या कापायला घरात दुसऱ्या असतात. त्यांच्यात मला मोजू नका. मला कुणी कागदाला लावलं की माझी धार जाते आणि डोकंही फिरतं. स्वभाव तिखट आहे माझा. पण आज जे सांगायचंय ते मला अजूनही जड जातं.

माझी दोन पाती भट्टीत वेगवेगळी तापली, वेगवेगळी ठोकून घडली. मग एका कारागिराने ती एका स्क्रूने जोडली आणि तेव्हापासून आमचा संसार एकमेकांना घासतच चाललाय. न घासता कापणारी कात्री मी तरी पाहिली नाही.

माझा पहिला मालक कोट शिवणारा शिंपी होता. त्याने आपल्या मुलीला धंदा शिकवला तो माझ्यावर. ती टेबलाला पुरेशी उंच झाली तेव्हा त्याने मला तिच्या हातात दिलं. अंगठा वरच्या कडीत, बाकीची बोटं खालच्या. "टाचण्या ओठांत धरायच्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे," तो म्हणायचा. आणि दुसरं म्हणायचा ते असं: "बोटांना मुंग्या आल्या म्हणून कात्री खाली ठेवायची नाही, पोरी. मुंग्या येतात नि जातात. कापड एकदा वाकडं गेलं की गेलं."

पोरगी ते शब्द कोळून प्यायली. तीच माझी बाई. पुढे तिचं लग्न झालं, बाप गेला, आणि मी तिच्याबरोबर सासरी आले. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलाशेजारी मशीन, भिंतीला कोटांचे कागदी साचे. गल्लीत तिला कोटवाली बाई म्हणतात. खांद्याचा उतार कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मी सांगते म्हणजे खरं समजा.

तिच्या हाताखाली, म्हणजे खरं तर तिच्या डोक्यावर, तिची नणंद काम करते. काज, बटणं, इस्त्री आणि दिवसभराची बडबड हे तिचं खातं. बाई तिला वन्सं म्हणते.

बाईचं दुखणं पहिल्यांदा वन्संनाच दिसलं. बाईच्या स्वतःच्या ब्लाउजचं गळ्याचं बटण लागेना. बाईने काय करावं? बटण उसवलं आणि पुढे सरकवून लावलं.

"वहिनी, कापड आटलं की गळा वाढला?" वन्सं म्हणाल्या.

"कापडच असेल."

"कापडाला गिळताना त्रास होत नाही. तुला होतो. मी बघतेय."

दुखणं अंगावर काढायची बाईची जुनी सवय. पण वन्संनी या वेळी ऐकलं नाही. तपासण्या झाल्या, आणि गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढावी लागेल असं ठरलं. मी टेबलाच्या खणात पडून राहिले. खणाला अंगरख्याच्या जुन्या अस्तराचा वास येतो. दुसऱ्या कुणी मला उचललं नाही, ते बरंच झालं, पण बाईवाचून करमेना.

बाई घरी आली तेव्हा गळ्यावर पट्टी होती आणि आवाज घोगरा झाला होता. वन्सं डॉक्टरांचं म्हणणं रोज सकाळी शाळेतल्या बाईंसारखं म्हणून दाखवायच्या. "कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर. आणि बोटांना नि ओठांना मुंग्या आल्या तर घरी बसायचं नाही, लगेच जायचं. ऐकतेस ना?"

"ऐकतेय हो," बाई म्हणायची. ती ऐकत होती हे खरं. पण गोळ्या मोठ्या, गिळताना गळा दुखायचा, म्हणून मधूनच एखादी तशीच राहून जायची. मुंग्यांचं तर तिच्या मनात वेगळंच होतं. ज्या बाईला आयुष्यभर मुंग्या येत आल्या, तिला मुंग्यांचं काय भय वाटणार?

टाके ओले असतानाच तिने मला खणातून काढलं. एक जाड लोकरी कोट कापायचा राहिला होता. तिच्या अंगठ्याचा स्पर्श मला ओळखीचा वाटला नाही. बोटं गार होती आणि कडीत नीट बसत नव्हती. ती मध्येच थांबायची, हात झटकायची, ओठांवरून जीभ फिरवायची.

"ओठ का चाटतेस गं सारखी?" वन्संनी काज घालता घालता विचारलं.

"टाचण्या धरून धरून झणझणतात. बरेच दिवस सवय नव्हती ना."

"आणि हात?"

"हाताचंही तेच. जड कात्री आहे. वन्सं, धाग्याची रिळं संपत आलीत बघा."

वन्संनी रिळं बघितली. त्यांनाही ते पटलं, कारण या घरात मुंग्या म्हणजे कामाचीच खूण. पण मला ठाऊक होतं. त्या सकाळी एकही टाचणी बाईच्या ओठांत नव्हती. सगळ्या डबीत होत्या. आणि जड म्हणाल, तर मी काल जेवढी होते तेवढीच आज होते. बाईच्या बोटांतून काहीतरी बारीक थरथरत माझ्या मुठीत येत होतं. मला तोंड आहे, पण ते कापायचं. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

बाहीच्या अर्ध्यावर तिचा हात मिटला.

मिटला म्हणजे दगड झाला. अंगठा तळव्यात ओढला गेला, मनगट आत वळलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, आणि त्या सगळ्यांत मी अडकले. "वन्सं, सुटत नाही," ती म्हणाली. वन्सं धावल्या. त्यांनी एकेक बोट उलगडून पाहिलं, पण कसचं काय! मग दुसराही हात तसाच वळू लागला. बाईच्या तोंडाचा कोपरा आपोआप उडत होता आणि श्वास घेताना बारीक शीळ यायला लागली.

वन्संची पाचावर धारण बसली होती, पण त्या गडबडल्या नाहीत. अर्धी कापलेली बाहीच माझ्या पात्यांभोवती गुंडाळली, गाठ मारली, आतल्या खोलीत झोपलेल्या भावाला, म्हणजे बाईच्या नवऱ्याला, हाक मारली. तो बस चालवतो, रात्रपाळी करून आला होता. तो तसाच उठला आणि शेजाऱ्याची गाडी काढली. मी बाईच्या मुठीत, बाई वन्संच्या मांडीवर. वन्सं पूर्ण वाटभर एकच म्हणत होत्या, "मला कळायला हवं होतं गं. मला कळायला हवं होतं."

दवाखान्यात सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. एकाला वाटलं मारामारी झाली. डॉक्टरीणबाईंनी मात्र बाईच्या गळ्याची पट्टी पाहिली, कानापुढे गालावर बोटाने हलकेच टिचकी मारली. ओठ उडाला. "कॅल्शियम उतरलंय," त्या म्हणाल्या. नर्सने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला तसा हात आणखीच आवळला, मग तो तिने लगेच सोडला.

शिरेतून औषध सुरू झालं, अगदी सावकाश, छातीला तारा लावून. डॉक्टरीणबाई घरच्यांना सांगत होत्या की थायरॉइडच्या मागे मसुराच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात, ऑपरेशनचा धक्का त्यांना बसतो. कधी त्या पुन्हा कामाला लागतात, कधी नाही. "आणखी उशीर झाला असता तर घशाचे स्नायू आवळून श्वास अडकला असता," त्या म्हणाल्या. नवऱ्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

करंगळी आधी सैल झाली. मग बाकीची बोटं. शेवटी अंगठा. मी पांघरुणावर घसरले तेव्हा वन्सं मला छातीशी धरून रडल्या. धारदार वस्तूला असं कुणी धरत नाही.

त्या चार ग्रंथी पुरत्या जाग्या झाल्या नाहीत. बाईला आता रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि बहुतेक जन्मभर लागतील. रक्त तपासायला जावं लागतं. दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, थायरॉइडची वेगळी, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, हे वन्संनी तिच्याआधी पाठ केलंय. लोकरी कोट ती कमी घेते. माझीही पाती झिजलीत. धार लावणारा मान हलवतो.

ज्यांच्या गळ्यावर नवी पट्टी आहे त्यांना माझी विनवणी आहे. मुंग्यांना आपल्या धंद्याचं नाव देऊ नका. बायांनो, बाप्यांनो, बोला. कुणाला तरी सांगा.

परवाच एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, घाईत होतं. पाठीचा लांब तुकडा कापत बाई निम्म्यावर आली आणि थांबली. मी तोंड उघडं ठेवून तशीच कापडात. तिने मला हळूच खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "वन्सं, मुंग्या येतायत."

जन्मात पहिल्यांदा तिने असं कुणाला सांगितलं. वन्सं पाणी आणि गोळ्या घेऊन धावल्या, नवऱ्याने दवाखान्यात फोन लावला. कापड अर्धं राहिलं, जरा वाकडंही गेलं.

दारातलं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, मला उशीर होतोय."

बाई खुर्चीत बसली होती, ओंजळीत ग्लास होता. "होऊ दे," ती म्हणाली.