म्हणे माझे बटण बिघडले

मी एक जुना बैठकीचा फोन आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरात, एका सल्लागार कंपनीच्या काचेच्या खोलीत, लांबलचक टेबलाच्या मधोमध मी तीन पाय पसरून बसत असे, म्हणून सगळे मला ‘कोळी’ म्हणत. मित्रांनो, नाव कसेही असो, मान मोठा होता. परगावचा माणूस बोलू लागला की भले भले माझ्यापुढे वाकत.

मला बनवले त्या कारखान्यात एक बाई माझ्या बारीक भोकांशी तोंड नेऊन, “ऐकू येतंय का रे?” असे विचारी. माझ्याशी कोणी बोलले ते जवळजवळ तेवढेच. त्यानंतर सगळे माझ्यातून बोलले.

माझ्या पाठीवर एक बटण आहे. ते दाबले की दिवा लाल होतो आणि खोलीतले बोलणे पलीकडे जात नाही. पुन्हा दाबले की दिवा हिरवा. सल्लागारांचे सगळे आयुष्य या दोन दिव्यांत मावते, असे माझे मत आहे. हिरव्यात म्हणायचे, “तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे.” लाल झाला की, “हा बाबा थांबणार कधी?” हिरव्यात कोणाला कामावरून काढत नाहीत, फक्त ‘रचना हलकी करतात’. लालमध्ये मात्र माणसांची नावे घेतात. मी दोन्ही ऐकले आणि कधी ब्र काढला नाही.

त्या खोलीत माझी काळजी घेणारी एकच होती, तिथली सल्लागार रेन्स्के. दुपारी टेबलावरच पाव-चीज खायची, ताकाचा पेला रिकामा करायची आणि मग माझ्या भोकांतले पावाचे कण फुंकर मारून काढायची. “झालं हं कोळ्या,” म्हणायची. माझा तिच्यावर फार जीव होता.

एकदा उत्तरेकडच्या एका बिस्किट कारखान्याचे काम आले. तिथला व्यवस्थापक हार्म मोठा तिरसट गृहस्थ. काही विचारले की म्हणे, “भट्टी गरम आहे, बिस्किटं गोल आहेत. आणखी काय पाहिजे?” त्याला भीती होती की खरे सांगितले तर त्याची माणसे घरी बसतील. रेन्स्केने आपल्या कंपनीचा भागीदार डीडरिक याला सरळ विचारले. तो म्हणाला, “एकही माणूस जाणार नाही. माझा शब्द.” तोच शब्द तिने माझ्यातून हार्मला दिला.

“पोरी, तुझ्या डीडरिकला मी ओळखत नाही,” हार्म म्हणाला. “तू सांगतेस म्हणून तोंड उघडतो.” आणि त्याने सगळे सांगितले. कुठली भट्टी थंड पडून असते, कुठल्या पाळीत माणसे जास्त आहेत, काही हातचे राखले नाही.

अहवाल तयार होत आला तेव्हाची गोष्ट. टेबलाभोवती सगळी मंडळी बसली होती. हार्म फोनवर भट्टीच्या दुरुस्तीबद्दल तळमळून बोलत होता. डीडरिकने माझे बटण दाबले आणि तो खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“बोलू दे म्हाताऱ्याला. कारखाना बंद करायचं पहिल्याच आठवड्यात ठरलंय.”

रेन्स्के त्याच्या पाठीकडे वळली. “तू शब्द दिला होतास.”

“शब्द दिला म्हणून तर आकडे मिळाले! तू काय काल कामाला लागलीस?”

तेव्हा तिने हात पुढे केला. बोट अलगद माझ्या बटणावर ठेवले. दिवा हिरवा झाला. मग तिने मुद्दाम मोठ्याने विचारले, “म्हणजे हार्मच्याच आकड्यांवर हार्मचाच कारखाना बंद करायचा?”

“अर्थात! म्हातारा बिस्किटासारखा आहे. गोड बोलून चहात बुडवला की विरघळतो.”

मग माझ्यातून हार्मचा आवाज आला, “चहा जरा जास्तच गरम होता, डीडरिक.” आणि फोन बंद झाला.

मला त्या क्षणी रेन्स्केचा केवढा अभिमान वाटला, काय सांगू! पण डीडरिक गर्रकन वळला. “बटणाला हात कोणी लावला?”

“कोणीच नाही,” रेन्स्के म्हणाली. “बटणच बिघडलंय. कधीपासून अडकत होतं.”

मित्रांनो, ते बटण कधीही अडकत नव्हते. माझ्यावर खापर फुटले आणि खोलीतला प्रत्येक जण मान डोलावू लागला. “हो हो, जुनंच झालंय ते.” हार्मने ऐकलेले सगळे कामगारांच्या मंडळापुढे ठेवले, त्यांनी जोर लावला आणि कारखाना बंद करायचे मालकांना रहित करावे लागले. त्याचा मला आनंद आहे, खोटे कशाला बोलू? पण ते रेन्स्केने केले होते, आणि शिक्षा मला झाली.

मला न्यायला दुरुस्तीवाला आला तेव्हा खोलीत ती एकटीच होती. त्याने माझे बटण दाबून पाहिले. लाल. हिरवा. पुन्हा लाल.

“अहो बाई, हा तर ठणठणीत आहे!”

रेन्स्केने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “तरी घेऊन जा,” म्हणाली.

डीडरिकने हार्मला फसवले ते मी समजू शकतो, त्याचा स्वभावच तो. पण जिच्यावर जीव लावला तिने केसाने गळा कापला. तिला नोकरी होती, घराचे हप्ते होते, सगळे मान्य. निदान त्या लाल दिव्यात, जिथे पलीकडे कोणी ऐकत नव्हते, तिने मला एकदा ‘तू बिघडलेला नाहीस’ असे म्हणायला हवे होते.

आता मी मोडीच्या खोक्यात पडून आहे. अंगावर ‘खराब’ अशी चिठ्ठी आहे. मित्रांनो, एवढेच करा. एखादी वस्तू बिघडली असे कोणी सांगितले, तर टाकण्याआधी ती एकदा चालवून बघा. आणि ती चालली, तर मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघा.