नेत्रमण्याची आंघोळ

रांग जिन्यावरून उतरून रस्त्यावर आली होती आणि रस्त्यावरून वळून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. एवढी माणसं सकाळी सकाळी कामधंदे सोडून कुठे निघाली होती? तर एक दगड आंघोळ करताना बघायला.

आमच्याकडे एक रत्न संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणजे काय, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. काचेची कपाटं, कपाटांत कापसावर निजवलेले खडे, खड्यांखाली चिठ्ठ्या. वर्षानुवर्षं तिथे दोनच प्रकारची माणसं चढायची. एक शाळेने ओळीत उभी करून आणलेली पोरं, आणि दुसरी खाली पंक्चर निघेपर्यंत वेळ काढणारी. पाचू बघायची, माणिक बघायची, 'हं' म्हणायची आणि उतरायची. मालकांना आम्ही सगळे खडेकाका म्हणतो. त्यांनी उभं आयुष्य हे दगड जमवण्यात घालवलं, आणि लोक त्यांना विचारत काय, तर काका, इथे पंखा नाही का.

मग तिथे एक हातमोजेवाला आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे हातमोजे आणि लोण्यासारखा आवाज. त्याने कपाटातले तीन-चार पांढरेफटक खडे काढले, त्यांचं नाव ठेवलं नेत्रमणी, आणि रांग लागली.

मी त्या रांगेत उभी होते ती माझ्या आत्यामुळे. ती माझ्या पुढेच होती, ठेवणीतलं लुगडं नेसून लग्नाला निघाल्यासारखी. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते, दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. थेंब घातले की दाब ताब्यात राहतो. आणि या बाईने चार महिने थेंब घातले नव्हते. मला रोज संध्याकाळी 'घातले गं' म्हणून सांगत होती. औषधाच्या दुकानदाराने सहज विचारलं, "आत्याबाई कुठे बाहेरगावी गेल्यात का, बाटली न्यायला कोणी आलं नाही," तेव्हा कुठे मला कळलं. आईच्या मागे या बाईने मला वाढवलं. शाळेचे गणवेश शिवून शिवून वाढवलं. आणि माझा धंदा काय, तर डोळे तपासून चष्मे करून देणं. म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अगं, थेंबांनी कधी काही चांगलं दिसलं का मला?" ती म्हणाली होती. "झोंबतात मेले. घातले तरी तेवढंच दिसतं, नाही घातले तरी तेवढंच. तिथे निदान काहीतरी होताना दिसतं."

थेंबांचं काम नवं काही दाखवायचं नसतंच, आहे ते राखायचं असतं. पण राखलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि हातमोजेवाल्याचा धंदा दिसण्यावर चालतो. माझी आत्या काही भोळी नाही हो. एकेक टोमॅटो उलटा करून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. पण टोमॅटोवाला हातमोजे घालत नाही.

आमची पाळी आली. आतल्या खोलीत खिडक्यांना काळे पडदे. मधे टेबल, टेबलावर मखमल, मखमलीवर काचेचा पेला. मागच्या स्टुलावर एक पिवळा दिवा आणि दिव्याखाली बशीत तीन-चार पांढरे खडे.

"ते तपाला बसलेत," हातमोजेवाला हळूच म्हणाला. "दुसऱ्याचं दुखणं ओढून थकतात बिचारे. ऊब दिली की पुन्हा तेज येतं."

दगडाला थकवा येतो आणि तो साध्या बल्बखाली उतरतो, यावर खोलीतल्या वीसेक शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ते असं.

"डोळ्यातला बिंदू मोत्याचा असो की काचेचा," त्याने सुरुवात केली, "शेवटी गढूळपणाच. हा मणीही गढूळ आहे. तो तुमचा डोळा आहे असं समजा. मी त्याला पाण्यात सोडतो. तुम्ही डोळे मिटा आणि मनात म्हणा, निर्मळ, निर्मळ, निर्मळ. मी सांगेपर्यंत उघडू नका. मधे उघडले तर दोष परत फिरतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. डोळे बघण्यासाठी असतात, एवढं मी धंद्यात शिकले आहे.

नखाएवढा, पातळ, खडूसारखा पांढरा खडा पेल्याच्या तळाशी गेला. त्याच्या अंगातून बारीक बारीक बुडबुडे सुटू लागले. मग कडा थोडी विरघळल्यासारखी दिसली. मग आणखी आत. पांढरेपणा कडेकडून मधल्या मधे आक्रसत गेला आणि चारपाच मिनिटांत खडा काचेसारखा आरपार झाला, आत रंगाची एक बारीक झाक. हातमोजेवाला तेवढा वेळ घड्याळाकडे बघत उभा होता.

"उघडा."

खोलीत एक हुंकार उठला. "रोग बुडबुड्यांनी बाहेर पडला," त्याने समजावलं. "आणि या ताई बघा, सहाव्यांदा आल्यात. विचारा त्यांना." ताई म्हणजे माझी आत्या. तिने मान उंच करून सगळ्यांकडे बघितलं.

नंतर एका बाईसाठी त्याने दुसऱ्याच डबीतून खडा काढला. तो पाण्यात पांढराच राहिला, आणि बुडबुडाही आला नाही. "श्रद्धा कमी पडतेय. आणखी तीन वेळा यावं लागेल," तो म्हणाला. ती बाई रडवेली झाली. माझं डोकं फिरलं ते तिथे.

कारण मला तोवर कळून चुकलं होतं. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत हा चमत्कार रोज होतो. चष्म्याची काच घासली आणि अजून पॉलिश केली नाही, की ती दुधासारखी पांढरी दिसते. तिच्या अंगावर असंख्य बारीक खळगे असतात, त्यांच्यावर आपटून उजेड चहूकडे विखुरतो. तिच्यावरून पाण्याचं बोट फिरवा, खळगे भरतात, उजेड सरळ जातो, आणि काच आरपार दिसते. वाळली की पुन्हा पांढरी. फरक इतकाच की या खड्याचे खळगे अंगावर नाहीत, पोटात आहेत. त्यातली हवा निघते ते बुडबुडे. कोरडी वीट पाण्यात टाकली तरी निघतात. विटेला कुठला रोग झालेला असतो?

"मला करू द्या," मी म्हणाले.

"तुमची श्रद्धा आहे?"

"मुळीच नाही."

"मग मणी उमलणार नाही."

"मग तर उत्तमच. सगळ्यांसमोर माझी फजिती होईल."

तो हसला आणि नाही म्हणाला. आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. "लाज आणलीस गं मला," ती पुटपुटली. पण मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती त्याच्याकडे वळली. "करू द्या तिला. एकदाचं तोंड बंद होईल तिचं. रोज माझं डोकं खाते." त्याच्या साक्षीदारानेच शब्द टाकला, आता नाही कसं म्हणणार? त्याने दुसऱ्या डबीकडे हात नेला.

"ती नको," मी म्हणाले. "ते दिव्याखालचे तपस्वी आहेत ना, त्यातला द्या."

पिशवीतली पाण्याची बाटली काढून मी पेला साध्या पाण्याने भरला, खडा टाकला आणि निर्मळ वगैरे न म्हणता मोठ्याने माझ्या गिऱ्हाइकांबद्दलची गाऱ्हाणी म्हणायला लागले. चष्म्यावर बसणारे, चष्मा उशीखाली घेऊन झोपणारे, शेजाऱ्याचा चष्मा लावून नंबर तोच म्हणणारे. लोक डोळे उघडे ठेवून ऐकत होते. खडा बुडबुडे सोडत सोडत आरपार झाला.

मला वाटलं, जिंकले. कसलं काय. हातमोजेवाल्याने दोन्ही हात वर केले. "बघा. जिची श्रद्धा नाही, तिच्यावरही मणी प्रसन्न झाला. केवढं हे मोठं मन."

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने मला नमस्कार केला. आत्या म्हणाली, "बघ, तुलाही पावला." हात दाखवून अवलक्षण झालं.

लोकांना युक्ती उघडी पडलेली नको असते, त्यांना ती चमत्कार म्हणूनच हवी असते. मग माझी नजर त्या दिव्यावर गेली, आणि मला दिसलं की हा माणूस दाखवतो तो खेळ अर्धाच आहे. उरलेला अर्धा तो पाठीमागे, स्टुलावर करतो, जिथे कोणी बघत नाही.

मी चिमट्याने खडा बाहेर काढला, पुसला आणि मखमलीवर ठेवला. दिवा उचलून त्याच्यावर आणला. "आत्या, हा तुझा डोळा ना? मग बस इथे. बघत राहा."

"वेळ संपला," हातमोजेवाला म्हणाला. "पुढची मंडळी खोळंबलीत."

"मी बसणार," आत्या म्हणाली. "माझा डोळा आहे." आणि टोमॅटो निवडताना बसते तशी पाय रोवून बसली. पुढची मंडळी आत शिरली आणि तीही उभी राहिली. फुकटात काहीतरी बघायला मिळणार असेल तर माणूस तासभरही थांबतो.

पाऊण तास गेला असेल. हातमोजेवाल्याने मधल्या वेळात कोणाची तरी वाईट नजर, कोणाचे तरी अशुद्ध विचार आणि खोलीतली हवा, सगळ्यांना दोष देऊन बघितला. खड्याने कोणाचं ऐकलं नाही. आधी कडेला पांढरी रेघ आली. मग ती रेघ आत पसरली. मग पूर्वीसारखाच खडूचा तुकडा मखमलीवर पडून होता.

आत्याने तो टोमॅटोसारखा उलटा करून बघितला. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे माझा डोळा मी दिवसभर पेल्यात घालून ठेवायचा का हो?"

मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हातमोजेवाला हातमोजे काढायला लागला. ती रडवेली बाई पुढे आली, दुसरी डबी उचलली आणि खडेकाकांसमोर आपटली. "आणि हे काय आहे?"

"गारगोटी," खडेकाका म्हणाले. ते इतका वेळ दाराशी उभे होते. "दिव्याखालचे आहेत ते ओपल नावाचे खडे, पोटात बारीक भोकं असलेले. पाणी पितात, पारदर्शक होतात, वाळले की पुन्हा पांढरे. मीच आणले होते, माझ्या तरुणपणी. खाली चिठ्ठीवर हे सगळं लिहिलंही होतं."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"चिठ्ठी होती तेव्हा एक माणूस थांबला नाही त्या कपाटापाशी," ते म्हणाले. "मला वाटलं, येऊ देत तरी. दगड बघतील तरी."

मला त्यांची दया आली नाही. खरं सांगून कोणी येत नाही म्हणून खोट्याला खोली भाड्याने द्यायची, आणि वर हळहळायचं. निसर्गाने एवढी सुंदर गोष्ट घडवली, एक दगड पाणी पितो आणि काच होतो, ती जशी आहे तशी सांगायला यांच्या जिभेला काय झालं होतं? तिला मंत्राची फोडणी घातल्याशिवाय ती गोड लागत नाही, तर मग अडाणी कोण?

दुसऱ्या दिवशी मी आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे एक यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून समोर बघायचं, इकडेतिकडे ठिणगीसारखा उजेड चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. उजेड चमकत होता. आत्याचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता, दाबत नव्हता. आत्याला वाटत होतं, यंत्र अजून सुरूच झालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काळा डाग दाखवला. गेल्या खेपेला तो नव्हता.

"थेंब पुन्हा सुरू केले की येईल ना परत?" आत्याने विचारलं.

"नाही येत. उरलंय ते सांभाळायचं."

आत्याने कागद घडी करून पिशवीत ठेवला. "रागावू नकोस माझ्यावर," ती मला म्हणाली. मी रागावले नव्हते, मला रडू येत होतं. आम्ही बाहेर आलो. दारात ती थबकली आणि मान वळवून मला शोधू लागली. "कुठे गेलीस गं?"

मी तिच्या उजव्या खांद्याशीच उभी होते.

दगड सुकतो आणि पुन्हा भिजतो, त्याचं काही जात नाही. तुमचं जातं. तेव्हा कोणी चमत्कार दाखवला तर डोळे मिटा म्हणतील तिथे उघडे ठेवा, आणि खेळ संपला म्हणतील तिथे थोडं थांबून पुढे काय होतं ते बघा. आणि तुमच्या घरात कोणाला थेंब, गोळी किंवा सुई रोज घ्यायची असेल, तर 'घेतली' या शब्दावर जाऊ नका. आज घरी गेल्यावर बाटली उचलून बघा.