पत्त्यांवरचं पितळ

मी एक जुना पितळी तुकडा आहे. मित्रांनो, म्हातारपणी माणसं सगळ्यांना माफ करून टाकतात म्हणे. मी माणूस नाही. एकाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

माझा जन्म लेथवर झाला. मोडक्या व्हॉल्व्हचा दांडा भंगारात चालला होता. लेथ चालवणाऱ्या एका कारागिराने तो उचलला आणि जेवणाच्या सुट्टीत कातून मला घडवलं. खाली रुंद बूड, वर निमुळती मान. बुडावर ठेवलं तर मी ऐटीत उभा, नुसतं टाकलं तर आडवा. कारखान्यामागच्या क्लबात हा माझा धनी पोकर खेळायला बसला, की त्याची दोन झाकलेली पानं माझ्याखाली असायची. वाटणाऱ्याने ती चुकून गोळा करू नयेत, एवढ्यासाठी.

"काय घडवलंय राव!" असं लोक म्हणायचे. सगळ्यांत जास्त म्हणायचा टायरवाला. चौकातल्या टायरच्या दुकानाचा मालक, धन्याचा जिवलग दोस्त. एकदा धनी मला घरी विसरला, तर या गड्याने डाव थांबवला. "वजन कुठाय तुझं? अरे, नशीब आहे ते तुझं! जा, घेऊन ये. आम्ही थांबतो." केवढा याचा माझ्यावर जीव, असं मला वाटलं.

आणि धनी हरत गेला. त्याला भारी पानं आली की टायरवाला आपली पानं टाकून मोकळा. फुसकी आली की नेमका तोच उरावर बसायचा. वर भर टेबलावर, "पडेलराव, तुम्ही आपलं लेथच चालवा!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कारखान्यात धन्याचं खरं नाव लोक विसरले.

धन्याची लेक तेव्हा शाळेत होती. घरी तो तिच्याशी पानं खेळायचा. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आत्ता तुम्हाला भारी पानं आलीत."

"तुला गं कसं कळलं?"

"पानं भारी असली की तुम्ही याला नीट उभं करता. फालतू असली की टाकून देता. असं." तिने मला लोळवून दाखवलं.

धन्याने मला उचललं. "म्हणून टायरवाला वजन आण म्हणायचा," तो म्हणाला. मला त्याने खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि क्लबाची पायरी चढणं सोडलं. कुणापाशी तक्रार केली नाही. करणार काय? डोळे वापरायला खेळात बंदी नसते. पण दोस्ताला आपणच घरी पिटाळायचं, त्याच्याच हाताने त्याची चहाडी करणारं मागवायचं, आणि वर त्यालाच पडेल म्हणायचं? मित्रांनो, मला चहाडखोर केलं त्याने! डब्यात मी हिरवा पडत गेलो आणि मनात शिव्या मोजत राहिलो.

लेक मोठी झाली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारी बसून दुसऱ्याची चूक शांतपणे बघायची तिला सवय. एके सकाळी तिने मला डब्यातून काढलं, घासून लख्ख केलं.

"बाबा, क्लबाच्या स्पर्धेला यंदा मी बसते. तुम्ही नुसते मागे बसा."

"कशाला उगाच?"

"उगाच नाही."

त्या स्पर्धेत डावावर लावायला पैशांऐवजी सगळ्यांना सारख्या चकत्या देतात. चकत्या संपल्या की उठायचं. जिंकेल त्याचा फोटो भिंतीवर लागतो. वर्षानुवर्षं तिथे टायरवालाच दात दाखवत होता. "अरे वा, पडेलरावांची लेक! आणि वजनही आणलंय! शाब्बास!"

दुपारभर लेकीने बापाची सवय इमानाने चालवली. भारी पानं, मी उभा. फुसकी पानं, मी आडवा. टायरवाल्याची नजर आधी माझ्यावर यायची, मग तिच्यावर. "रक्तातच आहे," तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. छोटे छोटे डाव तिने त्याला खाऊ दिले.

शेवटच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी तिच्यावर आली. ही जागा वाईट. मागच्यांकडे काय आहे ते कळत नाही, आणि पहिल्याच माणसाने चकत्या वाढवल्या की सगळे ओळखतात, याच्या पानांत दम आहे. मग पानं टाकून देतात, आणि भारी पानं येऊनही आपण कोरडेच. तिने पानांचे कोपरे उचलले. मी पानांना चिकटूनच होतो, मला दिसलं. दोन बादशहा.

आणि तिने मला टाकून दिलं. आडवा! डब्यात काढलेल्या सगळ्या वर्षांची मरगळ त्या एका ठणकाऱ्यात झडली.

नेहमीइतक्याच चकत्या तिने पुढे सरकवल्या. बाकीच्यांनी पानं टाकली. टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "पोरी, बापावर गेलीस." आपल्या सगळ्या चकत्या त्याने मध्ये लोटल्या.

"माझ्याही," ती म्हणाली, आणि बादशहा उलटले.

त्याच्याकडे काय होतं? सत्ती आणि पंजी. मग टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पाच पानांतली पहिली तीन उलटली, त्यांत एक सत्ती आली आणि त्याचीही जोडी झाली. मागे धनी खुर्चीतून अर्धा उठला. चौथं पान दुर्री. पाचवं गुलाम. बादशहांची जोडी तशीच वर राहिली.

"पण ते... ते तर आडवं होतं!" टायरवाला ओरडला.



"काय आडवं होतं, काका?" लेकीने विचारलं. "सांगा ना. बाबाही ऐकतायत."

ज्यांनी माझ्या धन्याला पडेलराव म्हटलं होतं, त्या सगळ्यांची नजर आता माझ्यावर होती. तिच्याकडे त्याच्याहून मूठभर चकत्या जास्त होत्या, त्यामुळे त्याच्यापुढे काही उरलं नव्हतं. तिने मला उचललं आणि बरोबर त्याच्यासमोर उभं केलं.

"उठा आता."

स्पर्धा ती जिंकली नाही. पुढे एका शिंप्याने तिला हरवलं, आणि ती हसत उठली. तिचं काम झालं होतं. धनी पुन्हा क्लबात जातो, लोक त्याला नावाने हाक मारतात. टायरवाल्याला मात्र सगळे 'आडवेकाका' म्हणतात. माझ्या पितळी काळजाला थंडावा मिळतो.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा. त्यांना डब्यात कुजवू नका, कारण त्यांनी बरंच पाहिलेलं असतं आणि त्या विसरत नाहीत. आता धनी मला दर डावाआधी पुसतो आणि डोळे मिटून टेबलावर ठेवतो. कधी मी उभा, कधी आडवा. समोरून आडवेकाका अजूनही मान वाकडी करून माझ्याकडे बघतात.

बघू देत.