पालथी देवी

देव्हाऱ्यातून बोलतोय, पण मी देव नव्हे. मी तांब्याचं रोमन नाणं. ग्रीक बोलणाऱ्या एका दूरच्या शहरात जन्मलो. एका अंगावर सम्राज्ञीचा मुखडा ठोकला, दुसऱ्या अंगावर त्या शहराची देवी. सगळ्यांचं नशीब तिच्या हाती, असं तिथले लोक मानत.

पहिल्या महायुद्धात तिकडे लढायला आलेल्या एका मराठा शिपायाला मी मातीत सापडलो. त्यानं मला बडोद्याला, वाडी भागातल्या घरी आणलं. बाईचा मुखडा बघून घरच्यांनी मला कुलदेवतांच्या चांदीच्या टाकांशेजारी बसवलं. भोळी माणसं! पुढे त्याची सून येसूबाई सणासुदीला चिंच लावून मला घासू लागली. सम्राज्ञीचं नाक तिनंच झिजवलं. राग यायचा, पण इतक्या मायेनं मला दुसऱ्या कुणी हाताळलं नव्हतं.

१९९६ साली तिचा एकुलता एक विक्रमसिंह वाघोडियाच्या कारखान्यात भाजला. येसूबाईनं टाकांबरोबर मलाही पाण्यात ठेवलं. "लेक घरी येईपर्यंत देवी बाहेर काढायची नाही," असं तिनं बजावलं.

शेजारचा उन्मेष इतिहास शिकवायचा. विचारपूस करायला आला आणि ताम्हनात डोकावला.

"काकी, ही देवी नाही, रोमची राणी. देवी खालच्या बाजूला आहे."

"बराबर बघितलंस ना, भाई?"

त्यानं मान हलवली. येसूबाईनं ताम्हन पुढ्यात ओढलं. "अरे देवा! म्हणजे आजवर मी आईला पालथी घातली!"

तिनं मला उलटं केलं. देवीला उजेड दिसला. मीही मनोमन तिला विनवलं, एवढं पोर वाचव.

विक्रमसिंह दुसऱ्या दिवशी गेला.

तेरावं उरकल्यावर तिच्या दिरानं, हिंमतरावांनी, टाक पुसून जागेवर ठेवले. मी पाण्यातच राहिलो. मला हात लावायला कुणी धजेना. हिरवट डाग धरला.

एके दुपारी येसूबाईनं उन्मेषला विचारलं, "त्या राणीला मुलं होती?"

तो घुटमळला. "दोन. धाकट्याला थोरल्यानं मारवलं, काकी. तिच्या कुशीतच."

तो गेल्यावर येसूबाईनं मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि सम्राज्ञीचा झिजलेला मुखडा वर करून तळहातावर ठेवलं.

"बाई गं," ती म्हणाली, "आता काही मागत नाही. तू नुसती बस माझ्याजवळ."

उन्मेष मला संग्रहालयात द्या म्हणतो. त्याचं चूक नाही. पण येसूबाई आहे तोवर मला इथून हलवू नका.