उशिरा भरलेले चार हप्ते

बँकेतल्या कर्ज विभागाच्या बाईंनी कागद फिरवून समोर ठेवला, तेव्हा खोटे दात बनवणाऱ्या दातवालीला वाटलं, आता सही कुठे करायची ते दाखवतील. तिने पर्समधून पेनसुद्धा काढलं होतं. पण बाईंचं बोट कागदाच्या मधोमध, लाल अक्षरांतल्या चार ओळींवर येऊन थांबलं.

"हे काय आहे, सांगाल का?"

दातवालीने चष्मा लावला. क्रेडिट रिपोर्ट तिचाच होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं बरोबर. सहा वर्षांपूर्वीचं स्कूटरचं कर्ज. आणि त्यातले लागोपाठ चार हप्ते उशिरा भरलेले. चोवीस दिवस, एकतीस दिवस, सत्तावीस दिवस, छत्तीस दिवस.

"मी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही," ती म्हणाली.

"चुकवलेला नाहीच. उशिरा भरलाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "कारण सांगा, मग पुढे बघू. पण कारणाची जागा कोरी ठेवून मला फाइल वर पाठवता येणार नाही."

दातवाली घरी आली ती थेट मागच्या खोलीत गेली. तिथेच तिचं काम चालायचं. दुसऱ्याच्या लॅबमध्ये अठरा वर्षं दात बनवल्यावर दोन वर्षांपूर्वी तिने हे स्वतःचं काम सुरू केलं होतं. तीन दंतवैद्य तिच्याकडे काम पाठवायचे. प्लास्टरच्या साच्यांचे जबडे फळीवर रांगेने मांडलेले असायचे आणि ती मेणाच्या हिरड्या कोरत बसायची. कवळ्या ती इथेच पूर्ण करायची. पण पोर्सलिनचे दात भाजायला भट्टी लागते, ती तिच्याकडे नव्हती. ते दात शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवावे लागायचे आणि निम्मी कमाई तिथेच जायची. म्हणून हे कर्ज.

त्या दिवशी तिने एकच दाढ तीनदा कोरली आणि तिन्ही वेळा बिघडवली. कारण तिला आठवलं होतं, तो हप्ता भरायचं कोण.

बारक्या. तिचा धाकटा भाऊ. तेव्हा तो फर्निचरच्या गोदामात कामाला होता आणि हप्त्याचं ऑफिस त्याच्या वाटेवर होतं. दर महिन्याच्या दोन तारखेला ती पाकिटात रोख पैसे घालून त्याच्या हातात द्यायची. संध्याकाळी तो फोनवर म्हणायचा, "भरला गं ताई." विषय संपला.

नवरा घरी आल्यावर तिने त्याला सांगितलं. तो बसमध्ये तिकीट तपासनीस होता. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा.

"पावत्या बघितल्या होत्यास?" त्याने विचारलं.

"भावाकडे कुणी पावत्या मागतं का?"

"मी बसमध्ये कुणाचा चेहरा बघत नाही. तिकीट बघतो." मग जरा वेळाने, बुटाची नाडी सोडता सोडता, "त्याच सुमाराला त्याने नवा फोन घेतला होता ना?"

घेतला होता. दातवालीला तो फोन चांगला आठवत होता, काळा, काचेसारखा गुळगुळीत. तेव्हा तिनेच कौतुकाने हातात घेऊन पाहिला होता. आता त्या फोनने तिच्या डोक्यात घर केलं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. त्या वर्षी तो वाळला होता. घरी यायचं टाळायचा. आला तर जेवून लगेच उठायचा. पत्ते खेळत होता का? कुणा बाईच्या नादी लागला होता का? सहा वर्षांत ज्याच्याबद्दल तिच्या मनात कधी काही आलं नाही, त्याचं प्रत्येक वागणं तिला आता तिरकं दिसायला लागलं.

रविवारी बारक्या नेहमीसारखा जेवायला आला. आई त्याच्याकडेच राहायची. तिला गुडघ्यामुळे जिने चढवत नसत, म्हणून तो एकटाच यायचा. दातवालीने वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्या स्कूटरचा हप्ता तू कधी भरायचास रे? आठवतं?"

"दोन तारखेला. तू द्यायचीस त्याच दिवशी." त्याने ताटातून नजर वर केली नाही. "का गं?"

"काही नाही. जुने कागद काढले होते."

त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला, पण ठेवताना तो ताटाच्या कडेला लागून वाजला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती भांडी आवरायला उठली. खोटं बोलला, एवढं तिला कळलं होतं, आणि ते कळणं कागदावरच्या लाल अक्षरांपेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ती हप्त्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनाने आधी "जुनं रेकॉर्ड मिळत नाही" म्हणून तिला वाटेला लावायला पाहिलं. ती हलली नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून राहिली. शेवटी त्याने कंटाळून चार पावत्यांच्या प्रती छापून दिल्या. चारही उशिराच्या. चारही पावत्यांवर पैसे भरणाऱ्याची सही, आणि ती बारक्याची. शाळेत असताना त्याची वही तिनेच तपासलेली. ते लांब शेपटीचं अक्षर लाखात ओळखलं असतं तिने.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. प्रत्येक पावतीत दंडाची रक्कम जोडलेली होती. तिने दिलेल्या पाकिटात दंडाचे पैसे कधीच नव्हते. मग ते कुणी भरले?

विचार करत ती पायऱ्या उतरते न उतरते, तोच एक माणूस मागून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. "मॅडम, जुन्या लेट पेमेंटचा त्रास आहे ना? आम्ही रिपोर्ट स्वच्छ करून देतो."

याला कसं कळलं? तिने वळून काचेतून पाहिलं. कारकून एकदम कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला. दोघांची मिलीभगत आहे, हे ओळखायला तपासनीसाची बायको असण्याची गरज नव्हती. तरीही ती थांबली, कारण गरज तिला होती.

"कसं करता स्वच्छ?"

"हप्ता तुम्ही स्वतः भरलेला नाही ना? मग सोपं आहे. तक्रार लिहायची. भावाने पैसे परस्पर वापरले, मला फसवलं. त्याची एक प्रत पोलिसांत द्यायची. बाकी आम्ही बघतो. फी फक्त आधी द्यावी लागते."

भावाने भरले होते हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. सही पाहून तिच्या तोंडून 'भावाचीच' निघालं होतं, ते कारकुनाने टिपलं असणार. तिला त्या माणसाची किळस आली. पण त्याने दिलेला मजकुराचा कागद तिने फेकला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला.

दोन दिवस तो कागद मेणाच्या डब्याखाली पडून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बारक्याला कामाच्या खोलीत बोलावून घेतलं. तो आला, स्टुलावर बसला, आणि तिने चार पावत्या आणि तो कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने एकेक पावती उचलून तारीख बघितली.

"गोदाम बंद पडलं होतं," तो शेवटी म्हणाला. "एका शनिवारी मालकाने सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. चार महिने काम नव्हतं मला."

"डबा घेऊन निघायचास रोज. आई सांगायची."

"निघायचोच. मालट्रक रिकामे करायचो. ट्रक आला तर पैसे, नाही आला तर डबा खाऊन परत. घरभाडं पाच तारखेला लागायचं. मालक दारात उभा राहायचा आणि आई ऐकत असायची. तुझं पाकीट दोन तारखेला यायचं. ते भाड्याला द्यायचो, मग मजुरीचे जमवून तुझा हप्ता भरायचो. दंड माझ्याच खिशातून. तुझा पैसा बुडवला नाही मी."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"कुणाला सांगू? ती नोकरी भावजींनी शब्द टाकून लावली होती. तू सगळ्यांना सांगत फिरत होतीस, बारक्या मार्गी लागला म्हणून. लागोपाठ दोन नोकऱ्या गेल्या होत्या त्याआधी. तिसरीही गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि तो फोन?"

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "तो तू मनात धरलास? गोदामवाल्याने शेवटचा पगार दिला नाही. त्याच्याऐवजी तो जुना फोन दिला. विकायला गेलो, तर कुणी निम्म्यानेही घेईना."

त्याने तक्रारीचा कागद उचलला, सावकाश वाचला आणि तिच्यापुढे सरकवला. "लिही. सही कर. भट्टी तरी येईल. मी खरंच परस्पर वापरले ना पैसे? खोटं काय आहे यात?"

दातवालीला ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. "फसवलं, एवढा शब्द खोटा आहे," ती म्हणाली आणि कागद टराटरा फाडून प्लास्टरच्या कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती बारक्याला घेऊनच बँकेत गेली. जे घडलं ते एका पानावर लिहिलं होतं, आणि खाली दोघांच्या सह्या होत्या. कर्ज विभागाच्या बाईंनी पान वाचून झाल्यावर बारक्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"हे पुसता येईल का?" दातवालीने विचारलं.

"नाही. उशीर खरा आहे, म्हणून नोंद राहणार. नोंद चुकीची असती तर तुम्ही तक्रार केली असती आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला ती सुधारावी लागली असती. त्याला फी लागत नाही. पैसे घेऊन खरी नोंद पुसून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर समजून जा, तो तुमचे पैसेच पुसून नेणार." मग त्यांनी पानाला टाचणी लावली. "पण चारच आहेत, जुने आहेत, आणि त्यानंतरचं सगळं वेळेवर आहे. दोन वर्षांचं पासबुक आणा. ज्या डॉक्टरांचं काम करता, त्यांची पत्रं आणा. पूर्ण रक्कम मिळेल असं सांगत नाही."

पूर्ण मिळाली नाहीच. तीन आठवड्यांनी जेवढी मागितली होती त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त मंजूर झाली. नव्या भट्टीचं स्वप्न बाजूला ठेवून तिने बंद होणाऱ्या एका लॅबमधून वापरलेली भट्टी घेतली. दार जरा घट्ट बसायचं, पण आच बरोबर लागायची. पहिल्या खेपेत तिने सहा दात भाजले आणि रंगाच्या पट्टीशी लावून पाहिले. पाच जुळले. सहावा तिने पुन्हा केला. हप्ता तिच्या खात्यातून आपोआप जाईल अशी सोय तिने स्वतः बँकेत उभं राहून करून घेतली.

बारक्या मात्र पुढचे दोन रविवार फिरकला नाही. नवरा म्हणाला, "येईल. अजून लाजतोय." तिला तेवढ्यावर राहवलं नाही. तिसऱ्या रविवारी ती स्वतःच त्याच्याकडे गेली. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. गोदामाबद्दल तिला आजही काही माहीत नव्हतं, आणि दोघांनीही तिच्यासमोर ते बोलायचं नाही हे न ठरवता ठरलं. "काय गं, तुमचं काही वाजलंय का?" आईने दोघांकडे आळीपाळीने बघत विचारलं.

"काही नाही गं," दोघंही एकदम म्हणाले.

आई तोंड धुवायला आत गेली, तेव्हा बारक्या हळूच म्हणाला, "ताई, तुला खरंच वाटलं होतं, मी खाल्ले पैसे?"

"वाटलं होतं."

"आणि आता?"

तिने परातीतला लसूण पुढे ओढला आणि एक पाकळी सोलली. "त्या रविवारी तू माझ्याशी खोटं बोललास, ते अजून सलतंय. थोडा संशय उरलाय. खोटं कशाला सांगू?"

तो तिच्या शेजारी खाली बसला आणि तोही सोलायला लागला. "राहू दे थोडा," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आधी मला विचार म्हणजे झालं."

"आणि तू आधी सांग."

"सांगतो," तो म्हणाला. आतून आईने नळ बंद केल्याचा आवाज आला, आणि दोघंही लसणाचे भाव काय झालेत यावर बोलायला लागले.