फाडलेलं शेवटचं पान

"हे पान फाडा. आत्ता, माझ्यासमोर." वाचनालयाच्या अध्यक्षांनी, आबासाहेबांनी, पुस्तक टेबलावर आपटलं.

रंगनाथने ते उघडूनही पाहिलं नाही. काय खुपलंय ते त्याला ठाऊक होतं. शेवटच्या पानामागच्या चिठ्ठीवर सुलाबाईचं नाव होतं आणि त्याखाली आबासाहेबांच्या सुनेचं, सगुणाबाईचं.

चिठ्ठीची कल्पना त्याचीच. पालमच्या रस्त्यावरच्या या गावात अकरा वर्षं तो वाचनालय सांभाळत होता आणि कपाटातली पुस्तकं वाळवी वाचत होती. शेवटी चिडून तो दर शुक्रवारी थैली भरून गल्लोगल्ली, बौद्धवाड्यातही, पुस्तकं न्यायला लागला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे त्याने खळीने चिठ्ठी चिकटवली. पुस्तक नेताना ज्याने त्याने आपल्या हाताने नाव लिहायचं. कोण काय वाचतंय ते गावाला कळेल, माणसं त्यावर एकमेकांशी बोलतील, असं त्याला वाटलं होतं. कळलं खरं. बोलणं मात्र भलतंच सुरू झालं.

"आमच्या घरच्या बाईचं नाव हिच्या खाली? लय शहाणे झालात तुमी!"

"तिने आधी नेलं, आबासाहेब. म्हणून वर आहे."

बौद्धवाड्यातली सुलाबाई आबासाहेबांच्याच शेतात मजुरीला होती. चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली. ते नाव लिहिताना तिने जीभ दातांत धरली होती, आणि लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू दिलं नव्हतं.

"ऐका. थैली बंद. त्या वस्तीला येगळं कपाट. अन् साऱ्या चिठ्ठ्या काढायच्या."

"खळ पक्की बसलीय. चिठ्ठी ओढली की पान येणार. गोष्टीचा शेवट जाईल."

"जाऊ द्या की. शेवटावाचून कुणाचं काय अडायलंय?"

दारातला शिपाई बन्सीधर फिदीफिदी हसला. "मालक, मास्तरला तिकडंच घर बांधून द्या. भाकरी सुलाबाई घालंल."

असली बोलणी रंगनाथने अकरा वर्षं गिळली होती. आज घशाखाली उतरेना. त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"मग फाडायलाही तुम्हीच बसा."

"बसूत की! बन्सीधर, घे रे."

थांबा असं कुणी म्हणालं नाही. पायऱ्या उतरताना कागद टरकावल्याचा आवाज त्याच्या कानावर पडला. मग दुसरा.

त्याने बौद्धवाड्यात जाऊन स्वतः सांगितलं. सुलाबाई चुलीपुढून उठली नाही.

"माजं नाव फाडलं?"

"सगळ्यांचीच फाडली, बाई."

"पन माज्यापायी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पंधरा दिवसांनी रंगनाथ काम शोधायला परभणीला निघाला. आबासाहेबांच्या कापसाच्या शेताकडेला तो एस.टी.ची वाट बघत उभा होता. सुलाबाई कापूस वेचत होती. बांधावर सगुणाबाई आली. पदराआडून तिने तेच पुस्तक काढलं. बन्सीधरने पान फाडून पुस्तक तिच्या घरी पोचतं केलं होतं.

"ए सुला, गोष्टीतली ती बाई शेवटी नांदायला जाती का गं? ह्यात पानच न्हाई."

सुलाबाईचे हात थांबले नाहीत. कापूस ओटीत पडत राहिला.

"तू वाचलंस की सारं?"

"वाचलंय, वैनी. दोनदा."

"मग सांग की! मी कुणाला न्हाई सांगायची."

सुलाबाईने मान वर केली. तिची नजर रस्त्यावरच्या रंगनाथवरून फिरून सगुणाबाईवर आली.

"माजं नाव व्हतं ना, त्याच पानावर व्हतं ते. मालकानं फाडून घेतलंय. त्यान्लाच इचारा."

आणि ती पुढच्या ओळीला लागली.

एस.टी. आली. रंगनाथने हात केला. वळणापर्यंत त्याला सगुणाबाई दिसत होती, मिटलेलं पुस्तक पोटाशी धरून बांधावर तशीच उभी. आणि कपाशीत वाकलेली सुलाबाईची पाठ, तिच्यापासून दूर दूर जाणारी.